बाई, विकारी म्हणजे आजारी का?

आठवीच्या वर्गावर शब्दांच्या जाती शिकवत होते. फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला लिहिलं ‘विकारी’, दुसऱ्या बाजूला ‘अविकारी’. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद इकडे. क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी तिकडे. तेवीस वर्षं मी हा तक्ता काढते आहे, हाताला त्याची इतकी सवय झालीय की फळ्याकडे पाहावंही लागत नाही. तेवढ्यात खिडकीकडच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘बाई, विकारी म्हणजे आजारी का?’’

वर्ग हसला. ती हसली नाही. मी तिच्या बाकापाशी गेले, तर तिनं वहीत तसं लिहूनच ठेवलं होतं. ‘नाम हा आजारी शब्द आहे.’ सुवाच्य अक्षर, खाली पट्टीनं मारलेली रेघ.

मी पाठ असलेली व्याख्या सांगितली. लिंग, वचन आणि विभक्तीमुळे ज्या शब्दांच्या रूपात बदल होतो ते विकारी. विकार म्हणजे बदल, आजार नव्हे. ती म्हणाली, ‘‘मग बदलणारे शब्द म्हणायचं ना, विकारी कशाला म्हणायचं?’’ तास संपल्याची घंटा झाली. मी खडू ठेवला, हात झटकले आणि बाहेर पडले. तिला उत्तर मिळालेलं नव्हतं हे मला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी रात्री आईच्या छातीत दुखायला लागलं. वाईहून साताऱ्याला नेईपर्यंत जो तास गेला त्याविषयी मी इथे लिहिणार नाही. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. तिसऱ्या दिवशी तिला अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत हलवलं. तिच्या खाटेवरून समोरच्या भिंतीवरची पाटी दिसायची. आईला दिसेल ते वाचायची जन्माची सवय आहे. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचल्याशिवाय तिनं कधी फेकला नाही. ती पाटीही ती दिवसातून दहा वेळा वाचत असणार: ‘हृदयविकार विभाग’.

संध्याकाळी मी तिच्या पायाशी बसले होते. ती एकदम म्हणाली, ‘‘अगं, बुवा कीर्तनात सांगायचे, विकार जिंकावेत. मी इतकी वर्षं एकादशी केली, कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. मग माझ्या हृदयातच विकार कुठून आला?’’

चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई खरोखर विचारात पडली होती. आयुष्यभर ज्या शब्दाचा अर्थ तिनं काम, क्रोध, लोभ असा ऐकला, तो आता तिच्या खाटेसमोर लिहिलेला होता आणि त्याच्या मागे ‘हृदय’ जोडलेलं होतं. मी म्हटलं, ‘‘तसा अर्थ नाही गं त्याचा.’’ तिनं विचारलं, ‘‘मग कसा?’’ एका आठवड्यात दोघींनी मला एकच प्रश्न विचारला होता. एक तेरा वर्षांची, एक चौऱ्याहत्तरची. मी मराठीची शिक्षिका, आणि दोघींनाही मी नीट उत्तर देऊ शकले नव्हते.

त्यानंतरचे कितीतरी दिवस मी या शब्दाच्या मागे होते. आमची वाई हे तसं कोशांचंच गाव. मराठी विश्वकोशाचं काम इथे चाललं, त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच राहिले. शब्द शोधायला बसणं हे आमच्याकडे कुणाला वेडेपणाचं वाटत नाही.

‘कृ’ म्हणजे करणे. त्याला ‘वि’ लागला की विकार, ‘प्र’ लागला की प्रकृती, ‘सम्’ लागला की संस्कार आणि संस्कृती. आकार, उपकार, अपकार, सत्कार हे सगळे याच घरातले. निम्मा घोळ होतो तो ‘वि’मुळे. विद्रूप, विरस, विसंगत ऐकून आपल्याला वाटतं की ‘वि’ आला म्हणजे काहीतरी बिघडलं. पण विशेष, विज्ञान, विहार, विनय, विख्यात यांतही तोच ‘वि’ आहे. वेगळं, निराळं, पसरलेलं, एवढंच तो सांगतो. विकार म्हणजे वेगळं केलेलं, वेगळं झालेलं.

पाणिनीनं अष्टाध्यायी या आपल्या व्याकरणग्रंथाच्या चौथ्या अध्यायात दोन शब्दांचं एक सूत्र घातलं आहे: ‘तस्य विकारः’. त्याचा विकार. एका वस्तूपासून दुसरी वस्तू झाली, की मूळ वस्तूच्या नावाला प्रत्यय लावून नव्या वस्तूचं नाव कसं करायचं, ते पुढच्या सूत्रांत सांगितलं आहे. मृत्तिकेचा विकार तो मार्त्तिक, म्हणजे मातीचं भांडं. ‘मय’ हा प्रत्ययही तिथेच येतो, आणि गाईचं शेण म्हणजे ‘गोमय’ हे सांगायला पाणिनीनं वेगळं सूत्र खर्ची घातलंय. म्हणजे त्या काळात कुंभाराकडून घरी आणलेला घडा हा विकार, सोनाराकडची पाटलीही विकारच. कुठेही दोष नाही, खंत नाही. जे होतं त्यापासून जे झालं ते.

छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतू बारा वर्षं शिकून, चोविसाव्या वर्षी, सगळं कळल्याच्या तोऱ्यात घरी येतो. बाप उद्दालक त्याला मातीचा गोळा दाखवून सांगतो की एक गोळा कळला की मातीचं सगळं कळलं. ‘वाचारम्भणं विकारो नामधेयं मृत्तिकेत्येव सत्यम्’. विकार म्हणजे बोलण्यातलं नाव. माती हेच खरं. वेदान्त्यांनी या वाक्यावर पुढे केवढे ग्रंथ रचले. मला मात्र त्यातला बाप-मुलाचा संवाद आवडतो. घडा, पणती, रांजण ही मातीची टोपणनावं आहेत, असं तो बाप मुलाला सांगतो आहे.

‘मय’वरून तर एक जुना वाद आहे. ब्रह्म आनंदमय आहे, असं म्हटलं तर ते आनंदापासून झालेलं, म्हणजे विकार, ठरेल की काय? ब्रह्मसूत्रांत बादरायणाचं सूत्रच आहे, ‘विकारशब्दान्नेति चेन्न प्राचुर्यात्’. विकार सांगणारा शब्द आहे म्हणून नको म्हणाल, तर तसं नाही. इथे ‘मय’चा अर्थ भरपूर असा आहे. दर जुलैत वर्तमानपत्रं ‘शहरातले रस्ते जलमय’ असा मथळा देतात. रस्ते काही पाण्याचे केलेले नसतात, त्यांच्यावर पाणी भरपूर असतं. वर्गात हे उदाहरण मी दिलं तेव्हा मुलांना सूत्र चटकन कळलं.

सांख्य तत्त्वज्ञांनी तर विकारांची गणतीच केली. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत तिसऱ्याच कारिकेत हिशेब आहे: एक मूळ प्रकृती, सात तत्त्वं प्रकृतीही आणि विकृतीही, आणि सोळा निव्वळ विकार. ते सोळा कोणते? पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, मन आणि पंचमहाभूतं. डोळे विकार, कान विकार, हात-पाय विकार, आपण ज्यानं विचार करतो ते मनही विकार. माती, पाणी, आग, वारा, आकाश सगळे विकार. हे वाचलं त्या रात्री मला आईची पाटी आठवली. हृदयात विकार आला असं नव्हतं. हृदय आहे हाच एक विकार होता.

सांख्यांच्या या साऱ्या विचाराचं घरगुती उदाहरण म्हणजे दूध आणि दही. ते आमच्या घरात रोज रात्री साडेनवाला घडतं. आई दूध कोमट करते, करंगळी बुडवून पाहते. करंगळीला नुसती ऊब लागली पाहिजे, चटका नाही. वाटीतलं चमचाभर विरजण पातेल्याच्या तळाशी लावून घेते, वरून उंचावरून दूध ओतते, फेस आला की झाकण. थंडीत पातेलं कणकेच्या डब्यात खोचून ठेवते. मग त्याला हात लावायचा नाही, हलवायचंही नाही. रात्रभरात त्या विरजणातले जंतू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, आणि त्या आम्लामुळे दुधातलं केसिन नावाचं प्रथिन एकमेकांत गुंतून जाळं धरतं. पाणी त्या जाळ्यात अडकून बसतं, म्हणून दही घट्ट लागतं. कवडी पडते. ऊब कमी पडली तर अदमुरं राहतं.

गंमत अशी की दूध नासतं तेव्हाही आत जवळजवळ हेच होत असतं. तेच आम्ल, तेच केसिन. जंतू वेगळे, वेळ वेगळी, आपली इच्छा नसलेली. एकाला आपण ‘दही लागलं’ म्हणतो, दुसऱ्याला ‘दूध नासलं’. विकार दोन्हीकडे आहे. त्यातला चांगला कुठला आणि वाईट कुठला हे आपल्या ताटावरून ठरतं. आणि दोन्हींतून परत दूध होत नाही.

मग बदलाचा आजार झाला कुठे? त्याचं उत्तर चरकसंहितेत इतकं स्वच्छ मिळालं की मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ‘विकारो धातुवैषम्यं साम्यं प्रकृतिरुच्यते’. धातूंचा, म्हणजे शरीरातल्या घटकांचा, समतोल म्हणजे प्रकृती, तो ढळला म्हणजे विकार. पुढच्या ओळीत आरोग्याला सुख म्हटलंय आणि विकाराला दुःख. मराठीनं ही जोडी जशीच्या तशी उचलली. आपण भेटल्यावर एकमेकांना विचारतो, ‘काय, प्रकृती कशी आहे?’ तेव्हा आपण अडीच अक्षरं उधार घेतलेली नसतात, आयुर्वेदातला अर्धा श्लोक बोलत असतो. उरलेला अर्धा दवाखान्यांच्या पाट्यांवर आहे: त्वचाविकार, नेत्रविकार, हृदयविकार, मूत्रविकार. वैद्याच्या तोंडी हा शब्द चोख आहे. त्याला समतोलाची काळजी आहे, म्हणून बदल त्याच्या लेखी बिघाड. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या पाट्यांनी पुढे शब्दाचं सगळं घरच व्यापलं.

दुसरी वाट मनातून गेली. कालिदासाच्या कुमारसंभवात शंकर तप करत असतो आणि पार्वती त्याच्या सेवेला येते. तपात अडथळा होईल हे ठाऊक असूनही तो तिला येऊ देतो, तेव्हा कवी म्हणतो, ‘विकारहेतौ सति विक्रियन्ते येषां न चेतांसि त एव धीराः’. चित्त हलण्याचं कारण समोर असूनही ज्यांचं चित्त हलत नाही तेच धीर. इथे विकार म्हणजे मनाचं हलणं. राग आला, प्रेम वाटलं, भीती वाटली, की मन होतं तसं राहत नाही, म्हणून ते मनोविकार. एकोणिसाव्या शतकातलं मराठी गद्य वाचताना हा शब्द या अर्थानं सतत भेटतो. गोपाळ गणेश आगरकरांनी हॅम्लेटचं मराठी भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध केलं, त्याला नाव दिलं ‘विकारविलसित’. तो काही रुग्णाच्या कहाणीचा मथळा नाही. मनात जे जे उसळतं त्याचा खेळ, असं ते नाव आहे.

कीर्तनकारांनी त्याच मनोविकारांतले सहा काढले आणि षड्रिपूंच्या रांगेत बसवले. आईच्या कानावर पडले ते हे. शंभर वर्षांत मनोविकार या शब्दानं आणखी एक वळण घेतलं, आणि हे वळण मला फार लागतं. आज ‘मनोविकारतज्ज्ञ’ अशी पाटी दिसली की माणसं पायरी चढत नाहीत. आमच्या शाळेत एका मुलाला काही महिने झोप लागत नव्हती, वर्गात तो थरथरायचा. त्याच्या वडिलांना मी डॉक्टरांचं नाव सुचवलं तर ते ताडकन म्हणाले, ‘‘बाई, माझ्या पोराला विकार नाहीये.’’ मी शब्द बदलला. म्हटलं, झोपेच्या डॉक्टरांकडे नेऊ या. मग त्यांनी नेलं. आगरकरांच्या काळी ज्या शब्दात सगळ्यांचा राग, लोभ, माया मावत होती, त्याच शब्दानं आता एका बापाला घाबरवलं होतं. शब्दाचा अर्थ बदलतो तेव्हा कोशात फक्त एक आकडा वाढतो, दोन नंबरचा अर्थ, तीन नंबरचा अर्थ. बाहेर त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं.

पंचांगातही हा शब्द बसलेला आहे. साठ संवत्सरांत तेहेतिसावं नाव ‘विकारी’. शके १९४१, म्हणजे ६ एप्रिल २०१९ च्या पाडव्याला ते लागलं. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला, सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं. वर्ष सरता सरता करोना आला, आणि २५ मार्च २०२० च्या पाडव्याला शार्वरी संवत्सर लागलं त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. आमच्या गल्लीत तेव्हा म्हातारी माणसं म्हणायची, नावातच विकार होता, दुसरं काय व्हायचं. मला ते पटत नाही. साठ वर्षांनी फिरून येणारं नाव आहे ते, त्याच्या आधीचं विकारी १९५९ मध्ये लागलं होतं. ज्यानं ही नावं ठेवली त्याच्या मनात महापूर नसावा. पण लोक शब्दाला कसे चिकटतात ते त्या वर्षी मी जवळून पाहिलं.

आई दवाखान्यात असताना अतिदक्षता विभागाबाहेरच्या लोखंडी बाकावर दोन रात्री काढल्या. तिथे मला सगळ्यात जास्त आधार यास्काच्या निरुक्तातल्या, म्हणजे वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या जुन्या ग्रंथातल्या, एका यादीनं दिला. कॉलेजात परीक्षेपुरती पाठ केलेली. वार्ष्यायणि नावाच्या आचार्याचं मत म्हणून यास्क ती देतो: भावविकार सहा आहेत. जायते, अस्ति, विपरिणमते, वर्धते, अपक्षीयते, विनश्यति. जन्मतो, असतो, बदलतो, वाढतो, झिजतो, नाहीसा होतो. क्रियापदांचा अर्थ लावण्यासाठी केलेली ही व्याकरणातली यादी. पण रात्री अडीचला, आतल्या यंत्रांची पिकपिक ऐकत बसलं असताना तिच्यातली एक गोष्ट मला पहिल्यांदा दिसली. जन्माला येणं हासुद्धा विकार आहे. नुसतं असणं हासुद्धा विकार आहे. वाढणं आणि झिजणं शेजारी शेजारी बसलेत, एकाच नावाखाली, एकाच मापाचे. आईला ज्या षड्विकारांची भीती वाटत होती ते सहा वेगळे. हे सहा कुणी जिंकायचे नसतात.

घरी आणल्यावर मी तिला हे सांगितलं. फार विद्वत्ता न करता. दूध-दह्यावरून सांगितलं, कारण तो प्रांत तिचा. ती ऐकत होती, मग म्हणाली, ‘‘म्हणजे तू लहानाची मोठी झालीस तो पण विकारच.’’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘‘मग ठीक आहे.’’ आणि गोळ्यांचा डबा मागितला.

शाळेत गेल्यावर मी आठवीचा तो तास पुन्हा घेतला. या वेळी व्याख्या दिली नाही. फळ्यावर शब्द लिहिले आणि मुलांना म्हटलं, यांना ‘ला’, ‘त’, ‘ने’ लावा. पाऊस, पावसात. देऊळ, देवळात. विहीर, विहिरीत. माणूस, माणसाला. घोडा, घोड्याने. भाऊ, भावाला. मुलं भराभर सांगत होती. ही जी प्रत्यय लागायच्या आधीची कुस बदललेली रूपं, त्यांना आपण सामान्यरूप म्हणतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं त्याआधी कित्येक शतकं जात्यावर, शेतात, बाजारात लोक ही रूपं एकही चूक न करता बोलत होते. ‘पाऊसात भिजलो’ असं कुणी अडाणी माणूस म्हणत नव्हता. अलीकडे म्हणतात. ‘पाऊसात’, ‘कापूसाचा’, ‘देऊळात’ असं मी निबंधांतून वाचते, बातम्यांतून ऐकते, आणि दातांखाली खडा यावा तसं होतं. त्या शब्दांचं वळणच कुणी काढून घेतल्यासारखं वाटतं.

मग मी परके शब्द दिले. दरवाजा? दरवाज्यात. फारसीतून आला, केव्हाच आपला झाला. पुढे कॅमेरा? सगळा वर्ग म्हणाला, कॅमेऱ्यात. सोफा? सोफ्यावर. कॅनडा? इथे मुलं थांबली. कॅनड्यात? नाही, कॅनडात. पिझ्झा? यावर अर्धा वर्ग ‘पिझ्झ्यावर’ म्हणत होता, अर्धा ‘पिझ्झावर’, आणि जोरात भांडण लागलं. मी भांडू दिलं. कारण नेमकी ही जागा मला दाखवायची होती. परका शब्द मराठीत आला म्हणजे तो आपला झाला असं नसतं. तो इथे मुरला, की विभक्ती लागताना अंग मुडपतो, ‘ऱ्या’ होतो, ‘फ्या’ होतो. कॅमेरा मुरलाय. सोफा मुरलाय. कॅनडा अजून पाहुण्यासारखा ताठ बसलाय. पिझ्झ्याचं विरजण लागतंय, अजून अदमुरा आहे. व्याकरणात विकार ही शब्द घरचा झाल्याची खूण आहे. आणि आपण मुलांना तो शब्द न समजावता देतो, मग त्यांनी वहीत ‘आजारी’ लिहिलं तर चूक कुणाची?

ती खिडकीकडची मुलगी तेवढा वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, ‘‘बाई, आई?’’ मी म्हटलं, लाव प्रत्यय. ती म्हणाली, ‘‘आईला. आईने. आईची. आईत.’’ मग माझ्याकडे बघत राहिली. ‘‘बाई, हा तर बदलतच नाही.’’ मी सांगितलं, ईकारान्त स्त्रीलिंगी नामांचं एकवचनात असंच होतं, नदीला, काठीने, वाईत. अनेकवचन केलंस की होईल बघ, आया, आयांना. तिनं मान डोलावली आणि वहीतली ती पट्टीची रेघ मारलेली ओळ खोडली. नियम सांगून झाला होता, पण ‘आईला, आईने, आईची’ म्हणताना माझा घसा दाटून आला होता. पोरींना असं चटकन कळतं, तिनं खाली पाहिलं.

एक गोष्ट राहिली. ‘विकृत’ हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो. वर्तमानपत्रात तो गुन्ह्याच्याच बातमीत येतो. पण दोन ठिकाणी तो अजून आपल्या जुन्या अब्रूनं नांदतो. एक वेदपाठात. संहितेचे शब्द उलटसुलट गुंफून म्हणण्याच्या आठ पद्धती आहेत: जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन. त्यांना अष्टविकृती म्हणतात. जटेत पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा असे शब्द येतात. घनात तिसराही ओवला जातो. हे सगळं कशासाठी, तर एकही अक्षर, एकही स्वर इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. शब्द इतक्या तऱ्हांनी विणला की एखादा टाका निसटला तर लगेच कळतं. कुठल्याही लिखित प्रतीशिवाय ते शब्द टिकले ते या विकृतींच्या जोरावर. लहानपणी पहाटे घाटाकडून तो घोष ऐकू यायचा, तेव्हा मला वाटायचं आजोबा अडखळतायत, तेच तेच पुन्हा म्हणतायत.

दुसरं ठिकाण गाण्यात. सात स्वर शुद्ध आणि पाच विकृत: कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. पेटीवर सफेद एकचा ‘सा’ धरला तर पाचही काळ्या पट्ट्या म्हणजे हे पाच विकृत स्वर. ते काढून टाकले तर मारवा नाही, तोडी नाही, पूरिया नाही. आणि भैरवी तर नाहीच, कारण तिचे रे, ग, ध, नी चारही कोमल. ज्या रागानं आपल्याकडे मैफल संपते, भजन संपतं, तो उभा आहे चार विकृत स्वरांवर. गवयांना या शब्दात कधीच काही वावगं वाटलं नाही.

आईचं भजनी मंडळ आहे, गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात दर गुरुवारी. भैरवी कायम तिची. आवाज चढा, काळी चारमध्ये सहज गायची, आणि पेटीवाल्या काकू तिच्यासाठी तोच सूर धरून ठेवायच्या. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी ती पुन्हा जायला लागली. पहिल्या गुरुवारी मी सोबत होते, जिन्याला हात द्यायला. सगळ्यांचं म्हणून झालं, काकूंनी भैरवीसाठी काळी चार धरली. आईनं तोंड उघडलं, पहिल्या ओळीतच दम पुरेना. ती थांबली. टाळ थांबले. कुणी काही बोललं नाही.

तिनं पाणी प्यायलं, पदरानं ओठ टिपले आणि पेटीकडे झुकून म्हणाली, ‘‘सफेद चार द्या हो काकू. आता तिथून घेईन.’’

काकूंची बोटं खाली सरकली. तिनं डोळे मिटून सूर लावला, कोमल रिषभावर क्षणभर रेंगाळली, नेहमीसारखीच.